‘ये-जा’च्या रकान्यातला माणूस

शनिवारची तिसरी मॅच सुरू होती, पाऊस धड पडतही नव्हता आणि धड थांबतही नव्हता, आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका माणसानं खाली मैदानावरून मोजणीबाईला हात केला.

म्हणजे तिला तरी तसंच वाटलं.

मोजणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. मुलांच्या फुटबॉलसाठी बांधलेल्या त्या मैदानांच्या आवारात प्रेक्षकांची सोय बघणं हे तिचं काम होतं. बाकं किती, त्यांतली ओली किती, पिण्याच्या पाण्याचा नळ गळतो का, स्वच्छतागृहापुढे रांग कितीची, आणि मुख्य म्हणजे कोण कुठे बसतं. हातात बोटानं दाबायचं एक छोटं यंत्र, एकदा दाबलं की आकडा एकानं पुढे. त्याची टिकटिक ऐकून पोरांच्या आयांनी तिला हे नाव ठेवलं होतं, आणि तिनंही ते फारशी कुरकुर न करता घेतलं होतं. तेहेतीस वर्षांच्या आयुष्यात तिला याहून वाईट नावं पडली होती.

तिची खोली कपडे बदलायच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. एक टेबल, एक खुर्ची, सापडलेल्या छत्र्यांचा ढीग आणि एक खिडकी. खिडकीखाली गाड्या लावायचा पट्टा, त्यापुढे जाळीचं कुंपण, कुंपणापलीकडे पायवाट, पायवाटेला एकच लांब बाक आणि मग मैदान. तो माणूस त्या बाकाशेजारी उभा होता. बाक रिकामं असूनही उभा होता, हे तिनं आधी टिपलं. मॅचकडे पाठ करून तो तिच्या दिशेनं वळला, उजव्या हाताचं एक बोट वर केलं, मग तळहात छातीवर ठेवला... आणि पुन्हा मॅचकडे वळला.

मोजणीबाईनं मागे वळून पाहिलं. मागे छत्र्याच होत्या.

मग तिनं अगदी थोडासा, कुणी विचारलं तर काच पुसत होते म्हणता येईल इतपतच, हात हलवला.

पुढच्या शनिवारी तो तिथेच. राखाडी कोट, कानांपर्यंत ओढलेली टोपी, कमरेला काहीतरी जड लटकलेलं. या वेळी दोन्ही हातांची बोटं. मग खांदे पाडून दोन्ही हात खाली सोडले. तिनंही मान हलवून वाईट वाटल्याचं कळवलं. कशाचं, ते काही तिला ठाऊक नव्हतं.

घरी तिनं हे वहिनीला सांगायला नको होतं. भावाच्या घरात तिची एक खोली होती, आणि त्या खोलीची कडी कधीच नीट लागत नसे; त्यामुळे वहिनीपासून काही लपून राहणं कठीणच होतं.

“एक बोट, मग छातीवर हात,” वहिनी कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. “सरळ आहे की. एकच आहे, आणि इथे आहे.”

“आणि दोन्ही हात खाली?”

“मेला धीर सुटला असेल त्याचा. वन्सं, तुम्ही आकडे इतके जपता, माणसं कशी चुकता हो?”

“मी चुकले नाही. मी हात केला.”

“केवढा?”

तिनं दाखवला. वहिनीनं घडी बाजूला ठेवली आणि कपाळाला हात लावला. “एवढ्यानं माशीसुद्धा उठायची नाही.”

तिसऱ्या शनिवारी त्यानं दोन बोटं दाखवली. नुसती दोन. ठसठशीत, उंच, आणि चेहऱ्यावर चक्क हसू. मोजणीबाईनं बराच विचार केला. दोन वाजून गेले होते. दोन नंबरचं मैदान पलीकडे होतं. मग दोन काय? बाहेर गारठा होता, झिमझिम होती, खाली कोपऱ्यावर चहाची टपरी होती. दोन म्हणजे दोनच असणार.

ती दोन कागदी पेले घेऊन कुंपणाच्या फाटकातून आत गेली तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

“घ्या,” ती म्हणाली.

त्यानं पेल्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जवळून तो चाळिशीला आलेला दिसत होता, दाढी घाईत केलेली. कमरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा. “कशाबद्दल?”

“तुम्हीच तर दोन म्हणालात.”

“दोन-शून्य म्हणालो.”

“मला?”

“नाही... आईला.”

त्यानं बोट दाखवलं. तिच्या खिडकीच्या बरोब्बर खाली एक जुनी निळी गाडी उभी होती. पुढची काच आतून धुरकटलेली, आणि त्या धुक्यात पुसून केलेल्या बशीएवढ्या गोलात एक म्हातारा, बारीक चेहरा. मफलर, चष्मा. तिनं पाहिलं तशी त्या चेहऱ्यानं शेजारच्या सीटवर ओणवून काहीतरी दाबलं आणि गाडीचे दिवे दोनदा लागले-विझले.

“दिवे लावले म्हणजे कळलं,” तो म्हणाला. “पलीकडचा गोल तिथून दिसत नाही ना. मग मी सांगतो. उजवा हात आपला, डावा त्यांचा. छातीवर हात म्हणजे भाचीनं बॉल अडवला. ती गोलकीपर आहे. सगळे भिंत म्हणतात तिला.”

“आणि दोन्ही हात खाली?”

“भिंतीला भोक पडलं.”

मोजणीबाईला त्या क्षणी गळक्या नळाखाली डोकं धरावंसं वाटलं. “मी... मी हात हलवत होते. वरून.”

“हो, बघितलं ना. मला वाटलं, बाक असताना उभं राहू नका असं सांगताय. नियम असेल काहीतरी. पण बसलो तर आईला मी दिसत नाही, म्हणून मग तुमच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं.” तो ओशाळून हसला. “रागावला होतात?”

“खूप,” ती म्हणाली. तिनं एक पेला त्याच्या हातात दिला.

दुसरा पेला तिनं मग गाडीत नेऊन दिला, कारण तो कुठेतरी देणं भागच होतं. काच खाली झाली. म्हातारीनं पेला दोन्ही हातांत धरला, त्याच्यावर तोंड धरलं, वाफ घेतली. घोट काही घेतला नाही.

“गोड नको होता का?”

“छान आहे ग. हात शेकतात.” मग तिनं मोजणीबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तीन शनिवार मी मजा बघतेय. हा मला सांगतो, तू त्याला उत्तर देतेस, आणि दिवे मी लावायचे. चांगला कारखाना चाललाय.”

“तुम्हाला मी दिसत होते?”

“आरशात. बाजूच्या आरशात तुझी खिडकी दिसते.” चष्म्याआड डोळे बारीक झाले. “हात जरा मोठा कर. कळत नाही त्याला.”

चहा न पिण्याचं कारण तिला फाटकापाशी कळलं. प्रेक्षकांच्या स्टँडला सात पायऱ्या, कठडा नाही. आईचं कमरेचं हाड एकदा मोडलेलं, म्हणून गाडी. आणि प्रेक्षकांचं स्वच्छतागृह मैदानाच्या टोकाला, पायऱ्या उतरून तळघरात. “शनिवारी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही ती,” तो म्हणाला. “मॅच संपून घरी पोचेपर्यंत. मी म्हणतो नको येऊ. म्हणते, पोरगी जाळ्यात एकटी असते.”

मोजणीबाईच्या वहीत या मोसमातल्या सगळ्या रांगांची नोंद होती. जी माणसं तहान मारून रांगेत आलीच नाहीत, त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

“रेफरींसाठी एक आहे,” ती म्हणाली. “याच इमारतीत, खाली, सपाटीला. कुलूप असतं.”

“माहीत आहे. दोन मिनिटांचं कुलूप आहे ते.” त्यानं जुडग्यावर हात ठेवला. “चावीवाला आहे मी. पण विचारून उघडलेलं बरं.”

पुढच्या शनिवारी तिनं किल्ली आणली. प्रेमात माणसं एकमेकांना अंगठ्या देतात, फुलं देतात. मोजणीबाईनं पंचांच्या संडासाची किल्ली दिली. चावीवाल्यानं ती उजेडात धरून दात पाहिले, धार पाहिली, जणू कुणी हिरा दाखवायला दिलाय.

“चावीवाल्याला चावी देणारी तुम्ही पहिलीच.”

“परत करायची आहे. मोसम संपला की.”

“म्हणजे तेव्हा तरी भेट होणार,” तो म्हणाला, आणि लगेच मॅचकडे वळला, कारण भिंतीला भोक पडलं होतं.

त्या दिवशी म्हातारीनं पेला रिकामा केला. मग दुसरा मागितला.

पण मोजणीबाईला एक गोष्ट सलत होती. महिन्याभरापूर्वी तिनं आवाराचा कारभार बघणाऱ्या साहेबांना एक तक्ता दिला होता: कुठल्या जागी किती प्रेक्षक. त्या छापील तक्त्यात दोनच रकाने होते. ‘बसलेले’ आणि ‘ये-जा’. गाड्यांच्या पट्ट्यापुढे ‘बसलेले’खाली तिनं शून्य लिहिलं होतं. सुबक, गोल, पेन्सिलीनं आधी आखून घेतलेलं शून्य. त्याच शून्यावर साहेबांनी ठरवलं होतं की पट्टा बंद करायचा, गाड्या रस्त्यापलीकडे पाठवायच्या आणि तिथे खाण्याचा स्टॉल घालायचा.

ती साहेबांकडे गेली. “तक्ता चुकलाय,” ती म्हणाली. नोकरीत तिनं हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं.

“कुठे चुकलाय?”

“गाडीत एक आजी बसतात.”

“एक,” साहेब म्हणाले. एवढंच. त्या एका शब्दात त्यांचं सगळं म्हणणं आलं होतं.

मग तिनं तिला जमत होतं ते केलं. शनिवारी पावसात, छत्र्यांच्या ढिगातली एक छत्री घेऊन, पट्ट्यातल्या प्रत्येक गाडीची काच वाजवली. एका गाडीत तान्ह्याला पाजणारी आई होती, गोलकीपरच्याच संघातल्या एका मुलीची. एकीत कुबड्या मागच्या सीटवर टाकून बसलेला बाप. एकीत आजोबा, ज्यांना गोंगाट सोसत नव्हता पण नातू सोसत होता. दोन गाड्यांतली माणसं नुसती झोपलेली. ती तिनं प्रामाणिकपणे वगळली. टिक, टिक, टिक. नऊ.

“हे काय?” साहेबांनी नवा तक्ता पाहून विचारलं. तिनं पट्टीनं एक तिसरा रकाना आखला होता. ‘गाडीत बसलेले.’

“प्रेक्षक आहेत.”

“हे पट्टीनं आखलंय तुम्ही.”

“सरळ आखलंय.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मोसम संपेपर्यंत ठेवू. पुढचं पुढे बघू.” आणि ती दारापाशी पोचल्यावर, “पाटी लावा एखादी. नाहीतर कुणीही गाडी घालेल.”

पाटी तिनं स्वतः रंगवली. ‘ही जागा गाडीतून मॅच बघणाऱ्यांसाठी.’ निळ्या गाडीच्या अगदी नाकासमोर ती ठोकली गेली. म्हातारीनं त्या दिवशी दिवे दोनदाच नाही, पाच-सहा वेळा लावले. चावीवाला म्हणाला, बॅटरी उतरवणार ही.

पुढचे चार शनिवार... त्या चार शनिवारांचा हिशेब लावायला गेलं तर हाती फार थोडं लागतं. ढग होते. भिंतीनं अकरा खाल्ले आणि सात अडवले. चहाचे बारा पेले झाले. तो उभा असायचा, ती मोजायला म्हणून खाली यायची आणि त्या बाकाशीच जरा जास्त वेळ मोजत राहायची.

“तुमच्या वहीत मी आहे का हो?” एकदा त्यानं विचारलं.

“आहात ना. पहिल्या शनिवारपासून.”

“बसलेल्यांत?”

“बसलात कधी तुम्ही? ‘ये-जा’मध्ये आहात.”

“एवढे दिवस इथे रुतून उभा आहे मी. खाली बघा, गवत गेलंय. आणि म्हणे ये-जा.”

“नियम आहे. टेकल्याशिवाय ‘बसलेले’ धरत नाही.”

“टेकलो की आईला दिसत नाही.” तो गाडीकडे पाहत म्हणाला. मग तिच्याकडे न पाहताच, “नाहीतर... टेकलो असतो कधीच.”

तिनं यंत्र उगाचच दाबलं. त्या दिवशीची एकूण बेरीज एकानं जास्त निघाली, आणि तिनं ती दुरुस्त केली नाही.

पाचव्या शनिवारी पाटीसमोरची जागा रिकामी होती.

मॅच झाली. गोलात दुसरीच एक मुलगी होती, भिंतीपेक्षा उंच. मोजणीबाईनं तीन मॅचभर खिडकीतून खाली पाहिलं. कुणीतरी पाटी न वाचता गाडी घालायला आलं तेव्हा ती जिन्यावरून धावत खाली गेली आणि इतक्या जोरात बोलली की त्या माणसानं माफी मागितली. त्याच्यानंतरच्या शनिवारीही जागा रिकामीच. तिच्याकडे त्याचा फोन नंबरसुद्धा नव्हता. माणसाच्या जागेचा, उंचीचा, पेल्यांचा तपशील होता, नंबर नव्हता.

मंगळवारी दुपारी तो आला. आवार ओकंबोकं, नळाचं पाणी टपटपतंय. तो दारातच उभा राहिला आणि त्यानं टेबलावर किल्ली ठेवली.

“आई गेली,” तो म्हणाला. “गुरुवारी. छाती भरली होती. दवाखान्यात आठ दिवस होती.”

ती उठून उभी राहिली. तिनं खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

“नर्सना सांगत होती, माझ्यासाठी पाटी लावलीय म्हणून. त्यांना वाटलं, भ्रमात बोलतेय.” तो हसायला गेला. “मी म्हटलं, नाही हो, खरंच लावलीय.”

“किल्ली राहू द्या की तुमच्याकडे.”

“कुणासाठी?”

तिनं किल्लीकडे पाहिलं. उत्तर होतं, पण ते त्या मंगळवारी बोलण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, दुसऱ्याची चावी घरात राहिली की त्याला झोप लागत नाही, धंद्याची सवय. मग जिना उतरला. खिडकीतून तिला तो पट्ट्यापाशी थांबलेला दिसला. पाटीवर चिखल उडाला होता. त्यानं बाहीनं तो पुसला आणि गेला.

“जा त्याच्या घरी,” वहिनी म्हणाली. या वेळी ती थट्टा करत नव्हती.

“काय सांगू? मोजायला आलेय?”

“काही सांगू नका. नुसत्या जा.”

पत्ता शोधता आला असता, पण ती गेली नाही. हिशेबी माणसाचा हा एक दोष. जिथे आपला रकाना आखलेला नाही तिथे पाऊल टाकायला असा माणूस घाबरतो.

मोसमातली शेवटची मॅच. आभाळ इतकं खाली आलेलं की दुपारीच दिवे लावावे लागले. मोजणीबाई खिडकीत यंत्र घेऊन उभी होती, आणि दोन्ही संघ मैदानात उतरले तेव्हा तिला गोलात ती ओळखीची, बुटकी, मोठ्या हातमोज्यांतली आकृती दिसली. भिंत परत आली होती.

आणि बाकाशेजारी, गवत गेलेल्या जागी, तो.

भिंतीनं पहिला गोल खाल्ला, दुसरा खाल्ला. तो मॅचकडे तोंड करून खिशात हात घालून उभा होता. तिसऱ्या गोलानंतर पलीकडच्या आयासुद्धा गप्प झाल्या. मग एक उंच फटका आला, सरळ कोपऱ्यात जाणारा, आणि ती पोरगी कुठून कशी झेपावली कोण जाणे... बॉल तिच्या पोटाशी होता.

तो गर्रकन वळला. हात आपोआप छातीवर गेला. समोर पाटी होती, ओलं डांबर होतं, आणि गाडी नव्हती. हात तसाच छातीवर राहिला. काढून घ्यायचंही त्याला सुचेना. जिला सांगायचं ती राहिली नव्हती, आणि सांगायचं मात्र उरलं होतं.

मोजणीबाईनं भिंतीवरचं बटण दाबलं. खोलीतला दिवा विझला. लागला. विझला. पुन्हा लागला.

कळलं.

त्यानं मान वर केली. तिनं हात केला. म्हातारीनं सांगितलं होतं तेवढा मोठा, सबंध दंड वर करून, बुडणारी माणसं करतात तसा.

त्यानं टोपीखालून डोळे पुसले, आणि मग उजव्या हाताची दोन बोटं वर केली.

तिनं फलकाकडे पाहिलं. सवयच. शून्य-तीन. आपले शून्य, त्यांचे तीन. उजवीकडून मोजा, डावीकडून मोजा, दोन त्यात कुठेच नव्हतं.

ती पेले घेऊन फाटकातून आत गेली तेव्हा पाऊस लागला होता. बाक ओलं होतं, तिच्या वहीतल्या नोंदीप्रमाणे ‘बसण्यास अयोग्य’. त्यानं एक पेला घेतला.

“आता कुणाचं अडत नाही टेकलं तर,” तो म्हणाला. आवाज नीट नव्हता. “बसू?”

“ओलं आहे.”

“असू दे.”

तो बसला. राखाडी कोटासकट, त्या सगळ्या पाण्यात, हळूच, जणू जागा कुणाची तरी आहे. मोजणीबाईनं खिशातून यंत्र काढलं आणि एकदा दाबलं. टिक.

मैदानात भिंतीनं मान वळवून बाकाकडे पाहिलं, मामा बसलेला पाहून तिला काही कळेना, आणि तेवढ्यात चौथा गोल झाला.

“आणि तू?” चावीवाल्यानं विचारलं.

इतके दिवस ‘तुम्ही’ होतं. मोजणीबाईनं ते ऐकलं, नीट ऐकलं, आणि बाकावर टेकताना दुसऱ्यांदा यंत्र दाबलं.